पाऊस येऊन राहिला

चंदीगडच्या आमच्या घरमालकांना फोनवरचं हवामान दाखवलेलं अजिबात खपायचं नाही. "वीस टक्के पाऊस म्हणजे काय गं?" असं ते मलाच दटावून विचारायचे, जणू तो अंदाज मी घरी बसून तयार केला होता. "वीस टक्के भिजशील का तू? नुसतं डोकं आणि एक हात? मी काय पायलटला सांगायचं होतं का, बाप्पा, आज वीस टक्के उड आणि बाकीचं पायी जा?"

पायलट त्यांच्या बोलण्यात सारखे यायचे, कारण त्यांची सगळी नोकरी वायुसेनेत हवामान अधिकारी म्हणून झाली होती. रोज सकाळी उठून त्यांनी पायलट मंडळींना आभाळाचा हवाला दिला. मूळचे वर्ध्याचे. निवृत्तीनंतर विदर्भात परत न जाता त्यांनी सेक्टर अडतीसमध्ये बंगलेवजा कोठी घेतली, कारण काय, तर इथून डोंगर दिसतात आणि डोंगर दिसले की ढग कळतात. मी शेजारच्या एकोणचाळीस सेक्टरातल्या संस्थेत संशोधन करत होते आणि त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. अशा खोलीला तिकडे बरसाती म्हणतात. हा शब्द काकांना फार आवडायचा. बरसातीत राहायचं तर पावसाचं थोडं ज्ञान पाहिजेच, असं म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला ढगांचे प्रकार शिकवले. मला ते आजही ओळखता येत नाहीत.

सगळा सेक्टर त्यांना 'मौसम अंकल' म्हणायचा. मी काका म्हणायचे.

आमची ओळखच भांडणाने व्हायची, पण थोडक्यात हुकलं. खोलीसाठी मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा मराठी आवाज ऐकून ते खूश झाले आणि म्हणाले, "मग, तू केव्हा येऊन राहिली?"

मी सांगलीची. आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे आली आणि मुक्काम ठोकला. माझा अजून खोलीत पायही पडलेला नव्हता. मी जरा ताठरपणे म्हटलं, "अहो, राहिले कुठे? आधी बघते, आवडली तर राहीन."

 पलीकडून जे हसू सुटलं ते थांबेचना. त्यांच्या वर्ध्याच्या मराठीत 'येऊन राहिली' म्हणजे 'येते आहेस'. ते मला एवढंच विचारत होते की तू कधी येतेस. हा किस्सा त्यांनी नंतर ओळखीच्या प्रत्येक मराठी माणसाला ऐकवला, आणि चंदीगडमध्ये बदलीवर आलेली मराठी माणसं पुष्कळ आहेत.

त्यांची वेधशाळा म्हणजे माझं अंगण. गच्चीवर पांढऱ्या लाकडी पेटीत दोन तापमापक, त्यातल्या एकाला ओल्या चिंधीचं मुंडासं. पाऊस मोजायला एक नरसाळं. आणि वाऱ्याची दिशा पाहायला बांबूवर फडफडणारी, त्यांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याची एक तंगडी. दुसऱ्या तंगडीचं काय केलं असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "स्पेअर." सकाळी मी दात घासत बाहेर आले की ते पायजम्याकडे तोंड करून सावधान उभे असायचे. मी कुठूनही परत आले की "कशी आहेस" हा प्रश्न नाही. "कुठून येऊन राहिली? तिकडे वारा कोणत्या बाजूचा होता?" मीही पुढे पुढे बेधडक "वायव्य" असं ठोकून द्यायला लागले.

त्यांचा एकच नियम होता आणि त्याबाबतीत ते कर्मठ होते. अंदाज सांगायचा तो छातीठोक सांगायचा. 'बहुतेक', 'शक्यता', 'कदाचित' हे शब्द त्यांच्या घरात शिव्यांच्या जागी होते. पाऊस एक तर येऊन राहिला, नाही तर येऊन नाही राहिला. तिसरी गोष्ट नाही. शेजारचे सरदारजी मुलाच्या लग्नाचा मांडव हिरवळीवर घालावा का विचारायला आले आणि सवयीने म्हणाले, "अंकल जी, पक्का?" तर काका म्हणाले, "सरदारजी, पक्का तो सीमेंट होता है. मौसम कच्चा ही होता है, बताना पक्का पड़ता है."

आणि चुकलं तर? चुकलं तर जिलबी. ज्याला चुकीचा अंदाज सांगितला त्याच्या घरी स्वतः जाऊन, बाजारातली गरमागरम जिलबी हातात देऊन, "मी चुकलो" असं म्हणायचं. कारणं सांगायची नाहीत. वारा फिरला, दाब बदलला, काही नाही. सरदारजींच्या मांडवात पाणी शिरलं तेव्हा त्यांनी वरातीला पुरेल एवढी जिलबी नेली होती. त्यामुळे सेक्टरात त्यांचा अंदाज बरोबर आला तर लोक समाधानी असत आणि चुकला तर आनंदी. अपवाद फक्त काकूंचा. काकू गच्चीवर मुगवड्या वाळत घालायच्या आणि त्यांना जिलबीने गप्प करता यायचं नाही. "तुमचं आभाळ ठेवा तिकडे," त्या खालून ओरडायच्या, "माझ्या वड्या भिजून राहिल्या!"

दुसरा अपवाद त्यांच्या मुलीचा, रेवाचा.

रेवा इथल्याच एका मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ. आठवडाभर लोकांना झोपवायचं आणि रविवारी लाल रंगाच्या दोन माणसांच्या स्पोर्ट्स कारमधून असा आवाज करत सुटायचं की झोपलेला सेक्टर उठून बसावा. हवाई तळांवर वाढल्यामुळे तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. बापलेकीचं एकमेकांवर अतोनात प्रेम. फक्त हवामान या विषयावर ती बापाशी बोलायची नाही. लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात ती फुलपाखरू झाली होती. घोटीव कागदाचे पंख काकूंनी आठवडाभर खपून केले होते. सकाळी काकांनी आभाळ बघून सांगितलं, पाऊस येऊन नाही राहिला. आणि मैदानाच्या मधोमध, पंख पसरलेले असताना, गारा पडल्या. काकांनी तिलाही जिलबी दिली, नियमाप्रमाणे. तिने ती खाल्ली नाही.

तेव्हापासून पापा म्हणाले पाऊस नाही की रेवा न चुकता छत्री घेऊन बाहेर पडायची. निळी, लांब दांड्याची छत्री. भर मे महिन्यात, ऊन मी म्हणत असताना, काकांनी "लख्ख" म्हटलं रे म्हटलं की ही छत्री उचलायची. सगळे हसायचे. काकाही हसायचे, पण छत्री फाटकाबाहेर जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचे. एकदा मला म्हणाले, "अख्ख्या स्क्वाड्रननं माझ्या शब्दावर विमानं उडवली पोरी. हिनं एकदा ती छत्री घरी ठेवली ना, तर माझी नोकरी झाली असं मी समजीन."

आणि मग मार्चमधल्या त्या शर्यतींचा शनिवार-रविवार आला.

चंदीगडजवळच्या खरड गावाच्या पुढे एका खासगी, वापरात नसलेल्या धावपट्टीवर गाड्यांच्या शौकिनांनी दोन दिवसांच्या शर्यती ठेवल्या होत्या. शनिवारी सराव, रविवारी खरी शर्यत. उत्तरेत मार्चचा भरवसा नसतो. पश्चिमेकडून ढगांची एखादी टोळी येते आणि ऐन वसंतात स्वेटर काढायला लावते. आदल्या शर्यतीत रेवा अशाच पावसात घसरून गवतात गेली होती. या गाड्यांचे कोरड्या रस्त्याचे टायर साफ गुळगुळीत असतात. ते सुक्यावर पकडतात आणि ओल्यावर साबणासारखे सुटतात. पावसाचे टायर खाचांचे. ते बदलायला बाजूला थांबावं लागतं, आणि थांबलं की बाकीचे पुढे जातात. म्हणजे खरी शर्यत गाड्यांची नसून आभाळ कोणाला कळलं याची असते. हे रेवाने मला समजावलं तेव्हा मला खाली दिवाणखान्यात बसलेल्या माणसाची दया आली.

शनिवारी जेवताना, ताटातून मान वर न करता रेवा म्हणाली, "पापा, संडे का क्या है?"

काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. काकांनी घास खाली ठेवला, पाणी प्याले आणि म्हणाले, "सकाळी सांगतो." त्यांना एवढा वेळ मागताना मी कधी पाहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी मला मोहीम समजावली. हवामान पश्चिमेकडून येणार. धावपट्टीच्याही पश्चिमेला त्यांच्या एका वायुसेनेतल्या मित्राचं शेतघर होतं. त्याच्या गच्चीवर काका दुर्बीण घेऊन बसणार. मी फोन घेऊन टायर बदलण्याच्या जागेपाशी, रेवाच्या गाडीजवळ. ते मला सांगणार, मी तिला.

"आणि एक गोष्ट," ते बोट उगारून म्हणाले. "संदेश एकदम साफ पाहिजे. तुझा तो 'येऊन राहिली'चा घोळ उद्या नको. म्हणून उद्या मी तुझ्या मराठीत बोलीन. सांगलीच्या. समजलं का?"

"समजलं," मी म्हटलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. अख्ख्या आयुष्यात माझ्या मराठीचा असा मान कोणी राखला नव्हता.

रविवारी सकाळी आभाळ दुटप्पी होतं. अर्धं निळं, पश्चिमेला काळी पट्टी. धावपट्टीवर छोले-कुलच्यांच्या गाड्या, ढोल, आणि निम्मं चंदीगड काळे चष्मे लावून हजर. सगळ्यांचे फोन वीस टक्के म्हणत होते. सगळ्या गाड्या गुळगुळीत टायरवरच उभ्या होत्या, आणि खाचांचे टायर बाजूला रचून ठेवले होते. रेवा गाडीत बसली, पट्टे आवळले, शिरस्त्राण घातलं. तेवढ्यात माझा फोन वाजला.

पलीकडे वाऱ्याचा घोंघाट. त्यातून काकांचा आवाज, आनंदाने चिरकलेला. "पोरी! पाऊस येऊन नाही राहिला! सांग तिला! येऊन नाही राहिला!"

आणि फोन बंद पडला.

आता मी काय समजायचं? ते सांगलीच्या मराठीत बोलणार हे ठरलेलं होतं. सांगलीच्या मराठीत याचा अर्थ स्वच्छ होता: पाऊस आला, पण राहिला नाही. म्हणजे तिकडे पश्चिमेला सर येऊन निघूनही गेली, आणि आता ती आमच्याकडे येणार. मी गाडीत वाकले आणि शिरस्त्राणाच्या फटीत ओरडले, "पापा बोल रहे हैं, बारिश आएगी, पर रुकेगी नहीं! आके निकल जाएगी!"

रेवाने माझ्याकडे रोखून बघितलं. "पापा ने ऐसा बोला? आएगी, पर रुकेगी नहीं?"

"हां. दो बार बोला."

तिने मान हलवली आणि शर्यत सुटली.

शर्यत निम्मी झाली असेल नसेल तेव्हा पाऊस आला. आला म्हणजे कोसळला. छोलेवाले छत्र्यांखाली, ढोलवाले ढोलाखाली. आणि एकेक करत सगळ्या गाड्या टायर बदलायला आमच्याकडे वळल्या. निळी आली, पिवळी आली, पुढे असलेली पांढरी आली. मेकॅनिक धावपळ करताहेत, जॅक लागताहेत, शिव्या चालल्यात. लाल गाडी आली नाही. ती गुळगुळीत टायरवर, नव्या नवरीच्या चालीने, एकटी फेऱ्या घालत राहिली. माझ्या शेजारी उभा असलेला तिचा मेकॅनिक कपाळाला हात लावून म्हणाला, "डॉक्टर मैडम पागल हो गई हैं जी." नव्या टायरांच्या गाड्या तिला पाणी उडवत मागे टाकायला लागल्या. मी देवाला म्हटलं, आता तो राहू नये एवढं बघ.

तो राहिला नाही. आला तसा डोंगराकडे गेला आणि मागून असं ऊन पडलं की धावपट्टीवरून वाफा निघाल्या. खाचांचे टायर कोरड्यावर झिजायला लागले आणि सगळी वरात पुन्हा टायर बदलायला आत आली. निळी आली, पिवळी आली, पांढरी आली. लाल गाडी त्यांच्या समोरून सुसाट निघून गेली.

ती पहिली आली. मी अनोळखी मेकॅनिकच्या गळ्यात पडून रडले.

एवढ्यात फाटकातून एक स्कूटर आली. काका. नखशिखांत भिजलेले, दुर्बीण गळ्यात, चेहरा ओढलेला. त्यांना शर्यतीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी गच्चीवरून फक्त एवढं पाहिलं होतं की आपण 'येत नाही' म्हणून सांगितलेला ढग वळला आणि थेट लेकीच्या डोक्यावर जाऊन फुटला. फुलपाखराचा दिवस पुन्हा. बाप म्हणून आणि हवामान अधिकारी म्हणून माफी मागायला ते तसेच निघाले होते.

त्यांना माफी मागायला कोणी सवडच दिली नाही. अंकलनी पाऊस आधीच सांगितला होता हे रेवाकडून कळल्यावर ध्वनिक्षेपकावरचा सरदार पंजाबीत गर्जत होता, "मौसम वाले अंकल जी ने पहलां ही दस दित्ता सी! मींह आएगा, रुकेगा नहीं!" ढोल सुरू झाले. दोघा-तिघांनी काकांना उचललं. हवेतून ते माझ्याकडे बघत होते आणि हाताने विचारत होते, काय झालं?

खाली उतरल्यावर त्यांनी मला बाजूला ओढलं. "मी काय सांगितलं होतं?"

"पाऊस येऊन राहिला नाही. म्हणजे, येईल पण थांबणार नाही."

त्यांचे डोळे मोठे झाले. "अवो माय! मी तर म्हटलं, तो येतच नाही आहे!"

"पण तुम्ही सांगलीच्या मराठीत बोलणार होतात ना!"

"घाईत कोणाला सांगली आठवते?"

तेवढ्यात रेवा आली. केस विस्कटलेले, गालावर काळं. ती सरळ बापाच्या ओल्या सदऱ्याला बिलगली. "पापा, आपने बोला रुकेगी नहीं, तो मैं भी नहीं रुकी. सब जा रहे थे अंदर. मैंने सोचा, पापा ने बोला है ना."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मला त्यांचा चेहरा दिसत होता. ज्या एका वाक्यासाठी हा माणूस कित्येक वर्षं छत्रीकडे बघत थांबला होता, ते वाक्य त्याला मिळालं होतं. खरं काय ते जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडणार नव्हते. मी त्यांना डोळ्यांनी विनवत होते की काका, ठेवा. राहू द्या तुमच्याकडे.

काकांनी तिला हलकेच दूर केलं. "बेटा, मी चुकलो," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं, पाऊस येऊन नाही राहिला. नहीं आ रही. या पोरीनं ते सांगलीचं समजून उलटं सांगितलं. अंदाज हिचा बरोबर आला. माझा नाही."

रेवाने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. आणि मग ती हसायला लागली. त्याच हसण्याने, जे मी पहिल्यांदा फोनवर ऐकलं होतं. हसता हसता ती गाडीच्या बॉनेटवर बसली, डोळ्यांतून पाणी. "तो ठीक है," ती म्हणाली, "अगली बार भी आप बोलना, और ये सुनेगी."

काका मात्र गंभीरपणे स्कूटरकडे वळले होते. "कहाँ जा रहे हो, पापा?"

"जिलबी आणा लागते ना," ते म्हणाले. "अख्ख्या मैदानाला."

खरडच्या बाजारात त्या दिवशी कढईतली जिलबी संपली असावी. चषक हातात घेऊन रेवाने पहिली जिलबी खाल्ली, बापाच्या हातून.

पुढे माझं संशोधन संपलं आणि मी पुण्याला नोकरी धरली. काकांचा फोन येतो. परवा म्हटलं, चार दिवस येते तुमच्याकडे. तर उत्साहाने म्हणाले, "येऊन राहिली का?"

"कोणत्या मराठीत विचारताय?"

थोडा विचार करून म्हणाले, "दोन्ही."

स्टेशनवर रेवा न्यायला आली होती, त्याच लाल गाडीतून, वरचं कापडी छप्पर घरी ठेवून. आभाळ पश्चिमेकडून काळंकुट्ट होत होतं. मी म्हटलं, "छत्री आहे ना?"

"नहीं रखती अब," ती गाडी सुरू करत म्हणाली. "पापा ने बोला है, नहीं आएगी."

अर्ध्या वाटेत आम्हाला पावसाने गाठलं. लाल दिव्यापाशी शेजारच्या रिक्षातले लोक आमच्याकडे बघून हसत होते आणि रेवा त्यांना हात करत होती. सेक्टर अडतीसला पोहोचलो तेव्हा अंगावर एकही कोरडा धागा उरला नव्हता. फाटकात काका उभे होते. एका हातात जिलबीचा पुडा, दुसऱ्या हातात ती निळी, लांब दांड्याची छत्री. छत्री पुड्यावर नीट धरलेली होती आणि काका भिजत होते.